कानांसाठीं बांधलेली वास्तु

वास्तु ही डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. संगीतगृहाच्या बाबतींत ही समजूत महागांत पडते. गायन सुरू झालें कीं दिवे मंद होतात, नक्षी अंधारांत बुडते, आणि भिंतींचें खरें काम तेथून पुढें सुरू होतें. या दृष्टीनें मुंबईच्या नरीमन पॉइंटवरील टाटा थिएटर ही वास्तु मोठी अभ्यासनीय आहे.

हें थिएटर 'नॅशनल सेंटर फॉर दि परफॉर्मिंग आर्ट्स' या संस्थेचें. जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांच्या पुढाकारानें ती १९६९ सालीं स्थापन झाली. पु. ल. देशपांडे यांनीं तिचें मानद संचालकपद भूषविलें होतें, हें मराठी श्रोत्यांस ठाऊक असेलच. समुद्रांत भर घालून मिळविलेल्या जमिनीवर तिचें संकुल उभें राहिलें, आणि १९८० सालीं टाटा थिएटर रसिकांसाठीं खुलें झालें. त्याचे वास्तुकार होते अमेरिकेचे फिलिप जॉन्सन. ध्वनिशास्त्राची बाजू सिरिल हॅरिस यांनीं सांभाळली.

या जोडीच्या गांठीं एक बोलका अनुभव होता. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉल १९६२ सालीं मोठ्या थाटानें उघडला, पण पहिल्याच हंगामांत त्यांतील आवाजाबद्दल कुरकुर सुरू झाली. अनेक वर्षें ठिगळें लावून झालीं. अखेर १९७६ सालीं आंतला सारा भाग उखडून तो नव्यानें बांधावा लागला, आणि तें काम जॉन्सन व हॅरिस यांनींच केलें. (तेवढ्यानेंही त्या दालनाचें नष्टचर्य संपलें नाहीं; २०२२ सालीं तें पुन्हां नव्यानें बांधून उघडावें लागलें.) दिसण्यांत भव्य आणि ऐकण्यांत उणें असें दालन किती खर्चाचें होतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें.

या शास्त्राचा पाया वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकानें घातला. १८९५ सालीं विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कळेना, म्हणून तपासाचें काम त्याच्याकडे आलें. सगळीकडे सामसूम झाल्यावर तो रात्रीं तेथें दुसऱ्या नाट्यगृहांतल्या गाद्या आणून मांडी, पुन्हां काढी, आणि ऑर्गनच्या नळीचा नाद थांबल्यावर तो विरून जाण्यास किती वेळ लागतो, तें घड्याळ लावून मोजी. या काळास प्रतिनादाचा काळ म्हणतात. दालन जितकें मोठें तितका तो अधिक. गाद्या, पडदे आणि माणसें जितकीं जास्त तितका तो कमी. श्रोता हाही ध्वनि शोषून घेणारा एक पदार्थच आहे, हें ऐकून कोणी रागावूं नये.

पाश्चात्य वाद्यवृंदास सुमारें दोन सेकंदांचा प्रतिनाद मानवतो; बोलणें स्पष्ट कळावयाचें तर तो एका सेकंदाच्या आसपास हवा. भारतीय रागसंगीताची अडचण या दोहोंच्या मधली आहे. समजा, द्रुत तानेंत सेकंदाला आठ स्वर आले. दोन सेकंदांच्या दालनांत पहिला स्वर पुरता विरण्यापूर्वीं त्यावर आणखी पंधरा स्वरांची रास पडेल. मुरक्यांचा काला होईल, तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतील. उलट दालन अगदींच कोरडें केलें, तर तंबोऱ्याचा झंकार जागच्या जागीं जिरतो, आणि गवयाला उघड्या माळावर गात असल्यासारखें वाटतें.

दुसरा प्रश्न अंतराचा. मैफल ही दिवाणखान्यांत वाढलेली कला. गवयाच्या हाताची हालचाल, समेवर येण्यापूर्वींचा त्याचा चेहरा, पुढच्या रांगेंतून उमटलेली दाद, हें सारें तिचा भागच असतें. ही जवळीक हजार माणसांत कशी राखावयाची? जॉन्सन यांनीं लांबट पेटीसारखें दालन सोडून दिलें आणि पंख्यासारखें पसरलेलें दालन पसंत केलें. त्यामुळें १०१० आसनें मांडूनही मागचा श्रोता फार दूर पडत नाहीं, आणि ध्वनिवर्धकावांचून गायन त्याच्यापर्यंत पोंचण्याची सोय झाली.

या आकाराला किंमतही पडते. पंख्याच्या बाजूच्या भिंती मागें फांकत जातात. त्यांवर आदळलेला आवाज मधल्या श्रोत्याकडे कमी येतो आणि मागें अधिक जातो. व्हिएन्नाच्या १८७० सालच्या मुझिकफेराइनसारख्या अरुंद व उंच दालनांत वाद्यवृंद श्रोत्याला दोन्ही बाजूंनीं वेढतो, तसा अनुभव या आकारांत मिळणें कठीण. येथें कौल गवयाच्या बाजूनें दिला गेला, आणि तो योग्यच होता.

मग वाद्यवृंदाचें व ऑपेराचें काय? त्यांच्यासाठीं त्याच संकुलांत दुसरें मोठें नाट्यगृह बांधावयास घेतलें. १९९७ सालीं, बांधकाम चालू असतांनाच, त्याला आग लागली. जमशेद भाभा तेव्हां ऐंशी ओलांडलेले होते. त्यांनीं काम सोडलें नाहीं. १९९९ सालीं १११० ला एक कमी इतक्या आसनांचें तें नाट्यगृह उघडलें, आणि आज तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. मलबार हिलवरील पेटिट हॉल या जुन्या वाड्याचा संगमरवरी जिना तेथें आणून बसविलेला आहे. प्रयोगशील नाटकांसाठीं तीनशें प्रेक्षकांचें एक निराळें दालनही संकुलांत आहे. एकाच दालनांत सर्व कलांचा संसार थाटण्याचा मोह टाळला, ही या संकुलाची खरी शहाणीव.

ध्वनिवर्धक मात्र हें सारें गणित एका क्षणांत पुसून टाकूं शकतो. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचीं पदें ऐन उमेदीच्या काळांत त्याच्यावांचूनच मागच्या रांगांपर्यंत जात. आज बहुतेक मैफली त्याच्यावर चालतात. कर्ण्यांतून आलेला आवाज छताला आणि भिंतींना विचारीत नाहीं. नभोवाणीवर तर ध्वनिग्राहक गवयाच्या तोंडाशीं असल्यामुळें दालन ऐकूंच येत नाहीं. त्याची पारख करावयाची तर तेथें जाऊन, विजेचें साहाय्य न घेतां गाणारा गवई गांठून, मागच्या रांगेंत बसावें. आणि द्रुत तानांपेक्षां मंद्र सप्तकांतील आलापाच्या वेळीं कान द्यावा.