सोडणे आणि शोधणे



ज्या पंथाला तारुण्य वाहिले, तोच वादाच्या भोवऱ्यात सापडला, तर साधकाने काय करावे? या मंगल प्रसंगी हा अवघड प्रश्न आपणांपुढे ठेवीत आहे.

बंगालमधील विजयकृष्ण गोस्वामी (१८४१–१८९९) यांना तो टाळता आला नाही. शांतिपूरच्या अद्वैताचार्यांच्या कुळात जन्मूनही त्यांनी जानवे टाकले व ते ब्राह्म समाजाचे प्रचारक झाले. १८७८ साली केशवचंद्र सेनांनी आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह कुचबिहारच्या राजाशी लावला. समाजाने पुरस्कारिलेली वयोमर्यादा नेत्याच्याच घरी मोडली! निषेध करणारे बाहेर पडले. त्यांनी साधारण ब्राह्म समाज स्थापिला. गोस्वामी त्यांत होते.

परंतु नव्या समाजानेही त्यांची तहान भागली नाही. नाना पंथांच्या साधकांच्या दारी ते गेले. अखेर गयेच्या आकाशगंगा टेकडीवर ब्रह्मानंद परमहंसांकडून त्यांना दीक्षा लाभली. त्यापायी पुढे प्रचारकपद सुटले, जुने सोबती दुरावले.

पहिला त्याग अन्यायाच्या चिडीतून झाला, दुसरा अंतरीच्या भुकेतून. चीड मनुष्यास दाराबाहेर काढते. वाट दाखविते ती भूकच.

म्हणून असा कोणी पांथस्थ आपल्या मठात आला, तर ‘आजवर कोठे होतास?’ असे त्यास टोचून विचारू नये. आधी पाणी द्यावे. आणि आपणही स्मरावे, की नियम जेथे थोरांसाठी वाकतो, तेथूनच भक्ताचे पाऊल बाहेर वळते.