घरातील हस्तकला : हात मुलाचे की आपले?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही थोडे संकोचलोच. ज्या व्यासपीठावरून अर्थशास्त्र आणि वेदान्त यांवर विद्वानांची भाषणे होतात, तेथे उभे राहून कागदाची भिंगरी आणि कणकेची चिमणी यांविषयी बोलणे शोभेल काय? पण मग मनात आले की, वेदान्त घरी गेल्यावर किती जणांच्या उपयोगी पडतो ते सांगता येत नाही. तीन-चार वर्षांचे मूल मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या घटकेला जागे आहे आणि ‘मी काय करू?’ म्हणून घरच्यांचा पदर ओढीत आहे. त्या प्रश्नाला उत्तर हवे. म्हणून धीर केला.

आरंभी आमचाच एक अपराध कबूल करतो. आमचा नातू साडेचार वर्षांचा असताना दिवाळीचा आकाशकंदील घरी करायचा ठरला. कामट्यांचा सांगाडा आम्ही बांधला. कागद चिकटविणे आणि शेपट्या कातरणे हे काम त्याच्याकडे आले. दोन संध्याकाळी तो जीभ बाहेर काढून खपत होता. कागदाला सुरकुत्या पडल्या, खळीचे डाग उमटले, शेपट्या एक वीतभर तर दुसरी चार बोटे अशा झाल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. रात्री तो झोपल्यावर आम्ही कागद फाडून काढला आणि नवा, ताणून, नीटनेटका चिकटविला. सकाळी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अरे वा! किती छान कंदील केलास रे!” त्याने वर पाहिले आणि म्हणाला, “हा माझा नाही.”

एवढ्यावर भागले असते तर बरे. पुढच्या दिवाळीत आम्ही मोठ्या हौसेने कागद आणले, तर हा हात मागे बांधून उभा. “आजोबा, तुम्हीच करा. माझा वाकडा होतो.”

श्रोतेहो, आजचे आमचे सारे व्याख्यान त्या एका वाक्याचे प्रायश्चित्त आहे.

मूल जेव्हा कागद फाडते, चिकटविते, माती मळते, तेव्हा आपण समजतो की ते वस्तू करीत आहे. खरे पाहता वस्तू हे निमित्त. मूल आपले हात घडवीत असते. कागद फाडताना एक हात पुढे जातो, दुसरा मागे. दोन हातांनी एकाच वेळी निरनिराळे काम करण्याचा तो पहिला धडा. कणीक मळताना बोटांत बळ येते, आणि पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. घरात अंकलिपी लवकर येते; पण बोटे तयार नसताना अक्षर गिरवायला बसविणे म्हणजे बी रुजण्याआधी कणसाची वाट पाहणे होय.

हा विचार आजचा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, मातीकाम ही त्याच्या शिक्षणाचीच अंगे होती. त्यातल्या घड्यांच्या खेळावरून मद्रासच्या टी. सुंदर राव यांना भूमितीचे एक पुस्तक सुचले; ते १८९३ साली प्रसिद्ध झाले. घडीने सरळ रेषा मिळते, घडीवर घडी घातली की काटकोन मिळतो, वर्तमानपत्राचा कोपरा तिरपा दुमडून उरलेली पट्टी काढून टाकली की चौरस मिळतो. पट्टी नको, कंपास नको. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांवर अडून न बसता परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने बनविले. बी, पान, शिंपला आणि दगड ज्याच्या दारात आहे, त्याला साधनांची वाण नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सामान काय लागते? जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, चिंध्या, दोरा, आणि बोथट टोकांची कात्री. आणि खळ. वाटीभर मैदा थंड पाण्यात कालवावा, एकूण चारेक वाट्या पाणी घालावे आणि मंद आचेवर ढवळीत राहावे. मिश्रण दाट आणि किंचित पारदर्शक झाले की खळ झाली. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. लहान मुलाच्या खळीत ती चुकूनही घालू नये. ती विषारी आहे आणि मुलाचा हात तोंडात जातोच. त्याऐवजी दोन दिवसांत संपेल एवढीच खळ करावी.

सर्वांत सोपी सुरुवात स्वयंपाकघरात होते. आई पोळ्या लाटीत असते आणि मूल परातीशी घुटमळत असते. त्याला एक गोळा द्यावा. त्याची चिमणी होईल, साप होईल, बहुधा नुसता गोळाच राहील. चिमणी टिकवायची असेल तर दोन वाट्या कणकेत वाटीभर मीठ घालून बेताच्या पाण्याने घट्ट भिजवावे. मिठामुळे ती लवकर नासत नाही, उन्हात वाळून कडक होते. रंग हवा तर हळद आहे, बिटाचा रस आहे. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना मोठ्या माणसाने टाकून दाखवावा; पिवळ्याचे लाल होताना पाहून मुलाचे डोळे कसे होतात ते एकदा पाहाच.

दुसरी वस्तू भिंगरी. चौरस कागदाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अशा दोन तिरप्या घड्या घालून तो उलगडावा. घड्यांवरून प्रत्येक कोपऱ्याकडून मध्याकडे कापीत जावे, पण मध्यापासून एकतृतीयांश अंतर राखून थांबावे. आता आठ टोके झाली. त्यांपैकी एक सोडून एक अशी चार टोके मध्यावर आणून त्यांतून टाचणी घालावी आणि ती जोंधळ्याच्या वाळल्या ताटात खुपसावी. आमच्या लहानपणी टाचणीऐवजी बाभळीचा काटा असे. घड्या आणि कापणे मुलाचे, टाचणी आपली. टोके धरण्यात चूक झाली तर भिंगरी फिरत नाही. येथे आपण बोलायचे नाही; चूक वारा सांगतो.

तिसरी वस्तू विणलेली चटई. जुनी लग्नपत्रिका दुमडावी, दुमडीकडून बोटबोट अंतरावर काप द्यावेत, पण वरची कड दोन बोटे शाबूत ठेवावी. उलगडली की ताणा तयार. दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक वर, एक खाली अशा ओवाव्यात. पुढच्या पट्टीला त्याच्या उलट. पाच वर्षांच्या मुलाला हे जमते. दोन पट्ट्या सारख्याच ओवल्या गेल्या तर नक्षी मोडते आणि मुलाला ते आपोआप दिसते. मारिया माँटेसोरी यांनी आपली साधने अशीच योजिली होती, की चूक साधनानेच दाखवावी. त्या १९३९ साली भारतात आल्या आणि येथील शेकडो शिक्षकांना त्यांनी शिकविले. घरात मात्र अजून आपणच मुलाच्या चुकांचे कारकून होऊन बसलो आहोत.

सावधगिरीचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तीन वर्षांच्या आतील मुलाजवळ मणी, चिंचोके, गुंडी असे काही ठेवू नये. ते नाकात जाते, घशात अडकते. गुंजा दिसायला मोहक, पण विषारी आहेत. ज्या बिट्ट्यांनी आपण सारे खेळलो, त्या पिवळ्या कण्हेरीच्या बियाही विषारीच. धार, विस्तव आणि टाचणी ही तीन कामे मोठ्यांची. बाकी सारी मुलाची.

कोणी म्हणेल, वेळ कोठे आहे? मोबाइल हातात दिला की मूल तासभर गप्प बसते. खरे आहे, आम्हीही दिला आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासाहून अधिक वेळ पडद्यापुढे बसू नये, आणि त्याहून कमी तर उत्तमच. नुसते नको म्हणून मूल ऐकत नाही. हातातली वस्तू काढून घ्यायची तर हाताला दुसरे काही द्यावे लागते. त्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पोळ्या लाटताना तर तीही निराळी काढावी लागत नाहीत.

आता नातवाचे पुढे काय झाले, हे आपण विचारणारच. उपदेश केला नाही. कंदिलाचे नावही काढले नाही. घरात सांगून ठेवले की, त्याच्या कामाला कोणी ‘छान’ म्हणू नये आणि ‘वाकडे’ तर मुळीच म्हणू नये. ‘हे काय केलेस ते सांग’ एवढेच विचारावे. कणकेपासून सुरुवात झाली. पहिले काही दिवस तो गोळा आमच्याकडेच सरकवी, “तुम्ही करा.” आम्ही आपली चिमणी करीत बसत असू, आणि ती आम्हाला खरोखरच जमत नसे. एके दिवशी त्याला राहवले नाही. “आजोबा, चोच अशी नसते,” म्हणून त्याने गोळा हातात घेतला. मग भिंगरी झाली, चटई झाली. पण कात्री आणि खळ घेऊन तो कंदिलाशी पुन्हा बसला, त्याला एक वर्ष जावे लागले. एका रात्रीत मोडलेले सांधायला वर्ष लागते, हा हिशेब आम्ही आपल्यापुढे मुद्दाम मांडतो.

त्या दिवाळीचा कंदील एका अंगाला कलला होता. पाहुणे होते. आम्ही हात मागे बांधून उभे राहिलो. या खेपेस ती पाळी आमची होती. त्याने बराच वेळ वर पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, या बाजूचा दोरा लांब झालाय. खाली घ्या, मी बांधतो.”

आम्ही कंदील खाली घेतला.