गटाचं कर्ज आणि लेकराचं इंजेक्शन

मागच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. चार वर्षांचं लेकरू बोलत नाही, हाकेला बघत नाही. डॉक्टर म्हणाले, स्वमग्नता आहे. कुणीतरी सांगितलं, स्टेम सेलचं इंजेक्शन द्या, पोर बरं होईल. ताई डोरलं मोडायला निघालेल्या.

बायांनो, स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ सालीच सांगितलंय. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथं तपासणी मोफत होते, बोलायला-खेळायला शिकवतात. आशाताईंना विचारा.

गटानं कर्ज दिलं, पण इंजेक्शनाला नाही, एसटीच्या भाड्याला. फरक सावकाश पडतो. आणि लेकराच्या स्वमग्नतेत आईचा दोष नसतो, हे तिच्या सासरीही सांगा.