चिनी मातीची फुले
(शताब्दी समारंभातील भाषण)



मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि शनिवारी चिनी मातीची फुले करते. त्याविषयी दोन शब्द बोलायला मला सांगितले आहे.

आपली पहिली मंडळी इंग्लंडात आली त्याच सुमारास, १९२५ साली, स्टोक-ऑन-ट्रेंटला शहराचा दर्जा मिळाला. इथल्या कपबश्यांचे हे माहेरघर. बाटलीच्या आकाराच्या दोन हजारांहून अधिक भट्ट्या तिथे एकेकाळी धुराने आभाळ काळे करीत. आज त्यांतल्या पन्नासही उरलेल्या नाहीत. लाँगटन भागातल्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये त्या आतून पाहता येतात. मुलांना जरूर न्या.

इथली खासियत म्हणजे बोन चायना. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड यांनी तिचे प्रमाण बसवले. निम्मी जनावरांच्या हाडांची राख, पाव हिस्सा कॉर्नवॉलची पांढरी माती आणि पाव हिस्सा तिथलाच दगड. भट्टीतून निघालेली बशी उजेडासमोर धरली तर पलीकडची बोटे दिसतात. हाडांचे नाव ऐकून आमच्या आजेसासूबाई त्या कपाला शिवतही नसत. त्यांचा मान राखून मी मराठी वर्गातल्या मुलांना हाडांची राख नसलेली, साध्या पोर्सेलिनची माती देते.

या मातीची फुले साच्यातून निघत नाहीत. तळहाताला तेलाचे बोट लावायचे, सुपारीहून लहान गोळी घ्यायची आणि अंगठ्याने दाबत कड पातळ करीत जायचे. तळहातावरच्या रेषा पाकळीवर उमटतात आणि त्याच तिच्या शिरा होतात. फुलाचा मधला भाग करायला साधा केसांचा कंगवा चालतो. पाकळीवर पाकळी बसवली की गुलाब तयार. मग सुमारे साडेबाराशे अंश सेल्सियसची भट्टी. फूल आत जाते त्यापेक्षा साधारण आठव्या हिश्शाने लहान होऊन बाहेर येते. पाकळी कुठे जाड, कुठे पातळ राहिली, तर सुकतानाच तडकते.

ऐकताना तुम्हाला उकडीचे मोदक आठवले असतील. मलाही पहिल्याच दिवशी आठवले. तेच तेलाचे बोट, तीच पातळ कड, तीच कळी पाडण्याची घाई न करणे.

स्टोकच्या कारखान्यांत हे काम बहुतेक बायका करीत. नगावर मजुरी मिळे, त्यामुळे बोटे फार चपळ. पुढे स्वस्त माल बाहेरून येऊ लागला, कारखाने बंद पडले, आणि नव्या मुली शिकायला आल्याच नाहीत. आज या देशातल्या लोप पावू लागलेल्या हस्तकलांच्या यादीत बोन चायनाच्या फुलांचे नाव आहे. ही कला कोणी बंद केली नाही. फक्त एका पिढीने पुढच्या पिढीचा हात हातात घेतला नाही, एवढेच.

पालकहो, आपल्या मराठीचेही असेच आहे. रविवारच्या वर्गात मुले बाराखडी वाचतात, पण माझ्याशी बोलतात इंग्रजीत. मात्र मातीचा गोळा हातात आला की गंमत होते. ‘हलकेच दाब’, ‘कड चेपू नकोस’, ‘पाणी जास्त झालं’, ‘आता फिरव’ हे मी मराठीत सांगते आणि त्यांना ते कळते, कारण शब्द आणि बोटे एकदमच हलतात. मागच्या महिन्यात एक सात वर्षांची मुलगी शेजारच्या मुलाला म्हणाली, ‘अरे, हलकेच!’ तिला हे कोणी पाठ करायला दिले नव्हते.

म्हणून आजच्या दिवशी माझी एकच विनंती. वर्गाला मोदक वळता येणाऱ्या आज्यांची गरज आहे. इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम. रविवारी तासभर या, मुलांच्या शेजारी बसा. माती मी आणते, हात तुम्ही आणा.