सुई कोठें टोंचावी ?

घरचें कुत्रें किंवा मांजर आजारी पडलें, त्यानें दोन दिवस अन्नास तोंड लावलें नाहीं, कीं घरांतील मंडळी पशुवैद्याकडे धांव घेतात आणि पहिली विनंति करतात ती इंजेक्शनाची. गोळी थुंकून टाकली जाते, पातळ औषध ओठांवाटे गळून जातें, सुईनें दिलेलें मात्र अंगांत राहतें, असा साधा हिशेब त्यामागें असतो. हा हिशेब खोटा नाहीं, पण अपुरा आहे. सुईनें दिलेलें औषध अंगांत कोठें राहतें, किती वेळ राहतें आणि तेथून रक्तांत कोणत्या गतीनें उतरतें, यावर त्याचा गुण कीं अवगुण हें ठरतें. जें औषध मांसांत दिल्यास रोग हटवितें, तेंच शिरेंत दिल्यास प्राणावर बेतूं शकतें. म्हणून सुई टोंचण्याची जागा ही औषधाच्या नांवाइतकीच महत्त्वाची आहे, आणि जनावर पाळणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं तिची तोंडओळख तरी करून घेणें इष्ट आहे.

उदाहरणादाखल नागपुरांतील सक्करदरा हा भाग घ्यावा. भोसल्यांच्या राजवाड्यामुळें आणि तळ्यामुळें ओळखला जाणारा हा परिसर आतां उमरेड मार्गावरील दाट वस्तीचा झाला आहे. सदनिकांच्या गॅलरींत मांजरें ऊन खात असतात. साखळीस बांधलेलीं पाळीव कुत्रीं ज्या रस्त्यानें फिरावयास निघतात, त्याच रस्त्यावर बेवारशी कुत्र्यांच्या टोळ्या असतात. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधीं त्याहूनहि वर चढतो. पावसाळा लागला कीं गोचिडी आणि साप यांचें भय वाढतें. अशा वस्तींतील पशुवैद्यास पिसाळ रोगाची लस टोंचावी लागते, उन्हानें कोसळलेलें कुत्रें सांवरावें लागतें, गोचीडतापावर आणि सर्पदंशावर उपाय योजावे लागतात. यांतील प्रत्येकास सुईची वाट निराळी आहे.

ही विद्या मनुष्यजात शिकली तीहि कुत्र्याच्याच अंगावर. सन १६५६ मध्यें ऑक्सफर्ड येथें ख्रिस्तोफर रेन यानें, जो पुढें लंडनच्या सेंट पॉल देवळाचा शिल्पकार म्हणून गाजला, पिसाची नळी आणि मूत्राशयाची पिशवी जोडून एका कुत्र्याच्या शिरेंत मद्यांत विरघळविलेली अफू सोडली. कुत्रें तत्काळ गुंगलें. शिरेंत सोडलेलें द्रव्य क्षणांत मेंदूपर्यंत पोंचतें हें त्या प्रयोगानें दिसलें. पोकळ सुई पुढें दोनशें वर्षांनीं आली. सन १८४४ मध्यें डब्लिन येथें फ्रान्सिस रिंड यानें कातडीखालीं औषध सोडलें, आणि १८५३ च्या सुमारास एडिंबरोंत अलेक्झांडर वुड यानें आणि फ्रान्सांत शार्ल प्रावाझ यानें पिचकारी व सुई यांची जोडी उपयोगांत आणली.

सर्वांत परिचयाची वाट म्हणजे कातडीखालची. कुत्र्यामांजरांची मानेमागील आणि खांद्यांमधील कातडी सैल असते. ती चिमटींत उचलली कीं खालीं तंबूसारखी पोकळी तयार होते आणि सुई तींत सरकविली जाते. येथें वेदना थोडी होते, औषध बरेंच मावतें आणि रक्तांत सावकाश मिसळतें. बहुतेक लसी याच वाटेनें देतात, कारण लसीस घाई नसते. शरीरांतील पहारेकऱ्यांस शत्रूची ओळख पटण्यास अवधि मिळावा, हेंच तिचें प्रयोजन असतें. पिसाळ रोगाची लस कुत्र्यास साधारणतः तीन महिन्यांच्या वयानंतर कातडीखालीं किंवा स्नायूंत देतात, आणि पुढील मात्रा लसीच्या वेष्टणावरील सूचनेप्रमाणें देतात.

या सोप्या वाटेंतहि एक मोठा धोका आहे. केसाळ कुत्रें ऐन वेळीं हललें तर सुई कातडीच्या घडीच्या एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें बाहेर निघते आणि लस अंगांत न जातां केसांत सांडते. कार्डावर तारीख पडते, घरचीं माणसें निर्धास्त होतात, मुलें कुत्र्यास मांडीवर घेतात. प्रत्यक्षांत त्या जनावरास कसलेंच संरक्षण मिळालेलें नसतें. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे जनावर वा माणूस वांचण्याची आशा जवळजवळ संपते. याकरितां टोंचल्यावर त्या जागेचे केस ओले लागतात कीं काय हें बोटानें पाहणें हा क्षुल्लक उपचार नव्हे. लस २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावी लागते, ही दुसरी सावधगिरी. नागपूरच्या उन्हाळ्यांत दुकानांतून घेतलेली कुपी बर्फाविना खिशांत घालून घरीं आणली, तर सुई बरोबर जागीं टोंचूनहि हाताशीं कांहीं लागत नाहीं.

माणसांच्या बाबतींतहि जागेचें हें महत्त्व अनुभवास आलेलें आहे. वडील पिढीस कुत्रें चावल्यावर पोटांत घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांचें भय आठवत असेल. कसौली येथें डेव्हिड सेंपल यानें १९११ मध्यें तयार केलेल्या लसीची ती पद्धति होती. ती लस आतां इतिहासजमा झाली आहे. हल्लींची लस मोठ्या माणसांस दंडाच्या स्नायूंत देतात, कुल्ल्यावर देत नाहींत. कारण तेथील चरबींत ती अडकून राहते आणि तिचा पूर्ण गुण येत नाहीं. सन २००६ पासून भारतांत ती त्वचेच्या थरांतच प्रत्येक जागीं अवघी ०.१ मिलिलिटर देण्याचीहि मान्यता आहे. लसीचा हेतु तोच असतो. जागा बदलली म्हणून मात्रा इतकी कमी पुरते. अर्थात् दंश झाल्याबरोबर जखम साबण आणि वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुणें हें लसीच्याहि आधींचें कर्तव्य होय.

मांजराच्या बाबतींत खांद्यांमधील ती सोयीची जागाच शंकास्पद ठरली. सन १९९१ मध्यें पेनसिल्व्हेनियांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, कांहीं मांजरांस लस टोंचलेल्या जागीं पुढें दुष्ट जातीचें अर्बुद उठतें. असें होणें विरळ आहे, आणि त्या भयानें लस टाळणें हा शहाणपणा नव्हे. पण खांद्यांमधील अर्बुद मुळासकट काढणें फार कठीण असल्यानें अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं ठराविक लस मागच्या ठराविक पायांत, तीहि गुडघ्याच्या खालीं टोंचण्याची प्रथा पाडली. पिसाळ रोगाची लस उजव्या पायांत देतात. दुर्दैवानें गांठ उठलीच तर पाय जाईल, पण जीव वांचेल. जागा ठरवितांना औषधाच्या पुढील वाटेइतकाच संकटांतून परतण्याच्या वाटेचाहि विचार करावा लागतो, तो असा.

दुसरी वाट स्नायूंची. स्नायूंत रक्ताचें जाळें दाट असल्यानें औषध कातडीखालून जातें त्यापेक्षां सामान्यतः लवकर रक्तांत पोंचतें. परंतु येथें जागा अरुंद असते. मांजरास एका ठिकाणीं साधारण १ मिलिलिटर आणि मोठ्या कुत्र्यास दोनतीन मिलिलिटर, याहून अधिक दिल्यास ठणका लागतो. मांडीच्या मागील मांसांतून पायाची मोठी नस जाते. अजाण हातानें टोंचलेली सुई तिला लागली, किंवा दाहक औषध तिच्याभोंवतीं सांडलें, तर चालतें-फिरतें कुत्रें पाय ओढूं लागतें आणि कधीं कधीं तें व्यंग कायमचें राहतें. म्हणून जाणता पशुवैद्य मांडीचा पुढचा भाग किंवा पाठीच्या कण्यालगतचा जाड स्नायु निवडतो, आणि मागून टोंचावेंच लागलें तर सुईचें टोंक नसेपासून दूर मागें वळवितो. पिचकारीचा दट्ट्या किंचित् मागें ओढून रक्त येत नाहीं ना हेंहि तो पाहतो. कारण दुधासारखें पांढरें दिसणारें प्रोकेन पेनिसिलिन हें सूक्ष्म कणांचें मिश्रण आहे आणि तें चुकून शिरेंत गेलें तर जनावर जागच्या जागीं आंचके देऊं लागतें. गोचिडींपासून होणाऱ्या एका प्रकारच्या तापावर इमिडोकार्ब नांवाचें औषध देतात. तेंहि शिरेंत देत नाहींत. त्यानें लाळ गळते, ओकारी होते, म्हणून आधीं अट्रोपीन देण्याची वहिवाट आहे.

तिसरी वाट थेट शिरेची. पुढच्या पायावरील शीर या कामास सर्वांत सोयीची. येथें पाण्यासारखें निवळ, शिरेकरितांच तयार केलेलें औषध, बहुधा सावकाश, सोडावें लागतें. एकदां आंत गेलेलें परत घेतां येत नाहीं, म्हणून या वाटेचा दरारा मोठा आहे. पण कांहीं प्रसंगीं तिच्यावांचून गत्यंतर नसतें. बंद मोटारींत किंवा तापलेल्या गच्चीवर राहिलेलें कुत्रें धापा टाकीत कोसळतें. त्यास सावलींत घेऊन, अंग थंड पाण्यानें भिजवून, वारा घालीत दवाखान्यांत न्यावें. तेथें पोंचल्यावर पुष्कळ यजमान सुचवितात कीं, सलाइन कातडीखालींच द्यावें, म्हणजे लवकर घरीं जातां येईल. साध्या अशक्तपणांत, विशेषतः मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराच्या मांजरांत, ती रीति उत्तम आहे. परंतु मूर्च्छेंत गेलेल्या जनावराचें रक्त हृदयाकडे व मेंदूकडे ओढलें जातें आणि कातडीचा पुरवठा रोडावतो; मग कातडीखालीं सोडलेलें पाणी पखालींतल्या पाण्यासारखें तेथेंच सांचून राहतें आणि जनावर पाणी अंगांत असतांनाच पाण्यावांचून मरतें. त्या वेळीं शीरच शोधली पाहिजे.

सर्पदंशाचेंहि तेंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्या विषावर आपल्या देशांत एकत्रित प्रतिविष तयार होतें. तें दंशाच्या जागेभोंवतीं टोंचण्यानें कांहीं साधत नाहीं. विष रक्तांत पसरलेलें असतें, म्हणून प्रतिविषहि शिरेवाटे रक्तांतच जावें लागतें. शिवाय त्याची मात्रा जनावराच्या आकारावरून ठरत नाहीं, अंगांत गेलेल्या विषावरून ठरते. लहान कुत्र्यास थोडें पुरेल हा समज घातक होय.

शिरेच्या वाटेची शिस्त किती कडक असते याचें उदाहरण अंगणांतील सदाफुलीशीं निगडित आहे. या झाडापासून मिळणारें व्हिन्क्रिस्टिन नांवाचें द्रव्य कुत्र्यांत समागमानें पसरणाऱ्या अर्बुदावर फार गुणकारी आहे. बेवारशी कुत्र्यांत तो रोग पुष्कळ आढळतो आणि मोकळ्या सुटलेल्या पाळीव कुत्र्यासहि लागतो. आठवड्यास एकदां, बहुधा चार ते सहा वेळां औषध दिलें कीं गांठ विरघळून जाते. परंतु तेंच औषध शिरेबाहेर थोडें जरी पाझरलें, तरी तेथील मांस सडूं लागतें. यास्तव शिरेंत नळी नीट बसल्याची खात्री होईपर्यंत पशुवैद्य औषधास हात लावीत नाहीं. असे वेळीं "लवकर आटपा" म्हणून घाई करणें म्हणजे आपल्याच जनावराचें नुकसान करणें होय.

आणखीहि वाटा आहेत. जन्मून चार दिवस न झालेल्या पिलाची शीर सांपडत नाहीं, तेव्हां मांडीच्या हाडाच्या पोकळींतून द्रव देतात, आणि तो शिरेंत दिल्याप्रमाणेंच रक्तांत पोंचतो. कुत्र्यांच्या सांथीच्या खोकल्यावरील एक जिवंत लस नाकांत थेंब टाकून देतात. ती चुकून कातडीखालीं टोंचल्यास गळूं होतें, आणि यकृतास इजा झाल्याचींहि उदाहरणें आहेत.

घरच्या माणसांनीं सुई हातीं धरूंच नये काय ? एका प्रसंगीं ती धरावीच लागते. सन १९२१ मध्यें टोरांटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिनचा शोध लावला. त्या मुक्या प्राण्यांचें ऋण आज त्यांच्याच जातीस आणि मांजरांसहि फेडून मिळत आहे. मधुमेही मांजरास बहुधा दिवसांतून दोनदां कातडीखालीं इन्शुलिन लागतें आणि तें घरींच द्यावें लागतें. पशुवैद्याकडून रीत शिकून घेतली तर गृहिणी किंवा शाळकरी वयाचा जाणता मुलगाहि तें बिनचूक देऊं शकतो. रोज एकाच जागीं न टोंचतां जागा बदलावी. आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. आपल्याकडे इन्शुलिन एका मिलिलिटरांत ४० एकक आणि १०० एकक अशा दोन शक्तींचें मिळतें. पहिल्याच्या सिरिंजचें टोपण तांबडें, दुसऱ्याच्या सिरिंजचें नारिंगी. तांबड्या टोपणाच्या सिरिंजनें १०० चें औषध मोजल्यास मांजराच्या अंगांत अडीचपट इन्शुलिन जाईल.

याहून अधिक धाडस मात्र घरीं करूं नये. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें जनावरांवरील उपचाराचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्याकडे सोंपविला आहे. त्या विद्येचें शिक्षण नागपुरांत सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयांत १९५८ पासून दिलें जात आहे. औषधाच्या दुकानांतून कुपी आणून ओळखीच्या कंपाउंडराकडून "एक सुई" मारून घेण्यांत वांचलेले पैसे लंगड्या पायानें किंवा गळवानें फेडावे लागतात.

कुटुंबानें करावयाचें काम निराळें आहे, आणि तेंहि कमी मोलाचें नाहीं. कोणतें औषध आधीं दिलें तें न लपवितां सांगावें. जनावरास मायेनें, पण घट्ट धरावें. वेष्टण आणि कार्ड जपून ठेवावें. शेवटीं, "इंजेक्शन द्या" एवढेंच न म्हणतां, "हें कोठें देणार आणि तेथेंच कां ?" असें नम्रपणें विचारावें. जाणत्या पशुवैद्यास त्या प्रश्नाचा राग येणार नाहीं. टोंचल्यावर कोठें आणि काय दुखतें हें जनावरास सांगतां येत नाहीं. म्हणून सुई टोंचण्यापूर्वीं त्याच्या वतीनें हा प्रश्न विचारणें हें त्यास पाळणाऱ्याचें काम आहे.