आपल्या गप्पांचा पेपर

(शिवडीत तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच बराचसा ठेवला आहे.)



मी वक्ता नाही. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल चढवतो-उतरवतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी पास. तेव्हा जाडजूड शब्दांची अपेक्षा ठेवू नका. मला आज बोलायचंय ते गप्पांविषयी. रात्री भाकरतुकडा पोटात गेल्यावर आपण मोबाईलवर दोस्तांच्या ग्रुपात ज्या गप्पा हाणतो त्यांविषयी.

हसू नका. विषय गंभीर आहे.

पांढरपेशे लोक आपल्याकडं बघून नाक मुरडतात. म्हणतात, ही पोरं दिवसभर मोबाईलात डोकं खुपसून टाइमपास करतात. साला, या देशात बोलण्यालाही जात असते. त्यांची चार माणसं खुर्च्या मांडून बोलली की तो परिसंवाद. आपली चार पोरं नाक्यावर बोलली की ती टवाळकी. आणि पोलिसाची गाडी आली की तोच बेकायदेशीर जमाव. बातमी तीच, चहा तोच. फरक फक्त बसणाऱ्याच्या आडनावाचा.

आमच्या ग्रुपात आम्ही आठजण. दोघे गोदीत. एक रिक्षा चालवतो. एक इस्पितळात वॉर्डबॉय. एक सफाईच्या कामावर, तोही ठेक्यावर. एक घरोघर जेवण पोचवतो; पाठीवर दुसऱ्याच्या बिर्याणीची पेटी आणि पोटात सकाळचा वडापाव. एक एम. ए. होऊन बेकार. आणि एक गावाकडंच राहिलेला. एका रात्रीच्या गप्पा सांगतो, म्हणजे कळेल.

"पाणी आलं का रे?"

"आलं. हंडा अर्धा झाला आणि गेलं."

"मॅनहोलमध्ये दोघे गेले. वाचलं का?"

"नावं काय?"

"नावं छापली नाहीत. दोन कामगार, एवढंच."

"नावं कशाला पायजे. कुठल्या वस्तीतले ते आपल्याला म्हाईत आहे."

"उद्याची मॅच कुठं बघायची?"

"तुमची मॅच राहू द्या. इकडं कापसाला भाव नाय."

"म्हातारीची सोनोग्राफी करायची आहे, तुझ्या इस्पितळात नंबर लागंल काय?"

"सकाळी सहाला ये. केसपेपर मी काढून ठेवतो."

एवढंच. पण नीट बघा. यात पाणी आहे, मरण आहे, शेती आहे, आजार आहे, खेळ आहे. पेपराची सगळी पानं आहेत. गटारात माणूस उतरवायला २०१३ चा कायदा आडवा आहे, तरी माणसं उतरतात आणि मरतात. मोठ्या पेपरात त्यांना दोन ओळी, त्याही बिननावाच्या. आमच्या ग्रुपात मात्र 'नावं काय' हा पहिला सवाल असतो. दोस्तांनो, याला संपादकीय बैठक म्हणतात. फक्त आपल्याला कुणी तसं सांगितलं नाही.

आपल्या बातमीला जागा न देणं ही आजची गोष्ट नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' काढला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्या पेपराची जाहिरात, रोख पैसे देऊ केले तरीही, 'केसरी'नं छापली नाही. म्हणजे पाणवठ्याला विटाळ, देवळाला विटाळ, आणि छापखान्याच्या शाईलासुद्धा विटाळ. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. बॅरिस्टर झालेला माणूस रात्र जागून आपल्या बातम्या लिहीत होता. का? तर आपली बातमी दुसरा सांगायला लागला की तो आपल्यालाच आरोपी करतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

आता माझ्या गोदीची एक गोष्ट ऐका. १४ एप्रिल १९४४. तारीख ध्यानात आली ना? बाबासाहेबांचा वाढदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, वर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली आणि चार वाजून गेल्यावर जहाजाच्या चिंधड्या उडाल्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट. हादरा सिमल्याच्या यंत्रावर उमटला. आग विझवणारे ६६ जवान गेले. बाकी मेलेल्यांचा आकडा कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. नक्की हिशेब आजवर लागलेला नाही. सोन्याच्या विटा मात्र पुढं कित्येक वर्षं गाळातून निघत राहिल्या आणि त्यांचा हिशेब लागत राहिला.

अख्ख्या मुंबईनं तो आवाज ऐकला. पण युद्ध चालू होतं, सेन्सॉर होता. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं बातमी सांगितली, आणि इथल्या पेपरांना ती छापायची परवानगी मिळाली मे महिन्यात. जवळजवळ महिनाभर ज्या शहरात स्फोट झाला त्याच शहरात तो 'झालेला नव्हता'. मग त्या महिन्यात बातमी होती कुठं? पाळीवर, टपरीवर, इस्पितळाच्या पायरीवर. कोण परत आला, कोण आला नाही, हे माणसं एकमेकांना विचारत फिरत होती. कामगारांच्या गप्पा हाच त्या महिन्याचा खरा पेपर होता. तो कुणी लिहून ठेवला नाही, म्हणून मेलेल्यांचा आकडा आज हवेत लोंबकळतोय.

आणखी जवळचं सांगतो. खैरलांजी, भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, लेक आणि दोन पोरं, गावानं ठेचून मारली. सुरुवातीला काय छापून आलं? अनैतिक संबंधाची भानगड! पुढं आपल्याच माणसांनी गावात जाऊन चौकशी केली, पत्रकं काढली, फोटो हातोहात फिरवले. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं मोठ्या पेपरांना डोळे फुटले. बातमी आधी आपल्या तोंडी होती. त्यांच्या पानावर ती नंतर गेली, आणि तीही ढकलून.

म्हणूनच आपल्या बोलण्याची त्यांना भीती वाटते. खर्डा, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, एप्रिल २०१४. एक दलित पोरगा सवर्ण पोरीशी बोलतो या संशयावरून हालहाल करून मारला. पुढं कोर्टात साक्षीदार फिरले आणि २०१७ ला आरोपी सुटले. शिर्डी, मे २०१५. एका दलित पोराच्या मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून भांडण काढलं आणि त्याचा खून केला. मोबाईल खिशात नुसता वाजला, तरी ही गत.

आणि फक्त आपलंच नाही. नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे वारले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी. तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोन मैत्रिणींची बातमीवरची साधी बातचीत. दोघींना अटक झाली, एकीच्या काकाचा दवाखाना फोडला. लिहिणारी पकडली ते एक वेळ सोडा, अंगठा दाखवणारीसुद्धा पकडली. ज्या ६६ अ कलमाचा तेव्हा वापर झाला ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कलम गेलं. ज्या डोक्यातून ते निघालं ती डोकी शाबूत आहेत.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, चला, आपल्या गप्पा म्हणजे क्रांती. टाळ्या वाजवा आणि घरी जा. थांबा. आता जरा कडू बोलतो.

राईनपाडा, साक्री तालुका, धुळे जिल्हा. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं तिथं आली होती. भटकी, भिक्षा मागून पोट भरणारी. त्या दिवसांत मोबाईलवर एक अफवा फिरत होती, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुणी पाहिलं? कुणीच नाही. पोलिसात तक्रार? नाही. पण दोस्तानं दोस्ताला पाठवलं, त्यानं पुढच्याला. लोकांनी त्या पाचजणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. मरणारे गरीब. मारायला धावलेलेही गरीबच. हुकूम देणारा सावकार नव्हता, पाटील नव्हता. हुकूम देत होती एक बिननावाची गप्प. त्या घटनेनंतर व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवायची मर्यादा घातली. पाच माणसं गेली, पाचाची मर्यादा आली. काय बोलायचं!

तेव्हा दोस्तांनो, गप्प ही तलवारीसारखी आहे असलं मी म्हणणार नाही, तलवारी बघितल्या नाहीत. ती क्रेनला लटकलेल्या मालासारखी आहे. साखळी नीट अडकवली आहे का हे खालच्या माणसानं तपासायचं असतं. न तपासता 'उचल' म्हणून हात केला, तर माल पडतो तो खालच्याच माणसावर. क्रेन ज्याच्या मालकीची त्याच्यावर कधीच पडत नाही.

मालकीचं निघालं म्हणून सांगतो. ज्या टपरीवर आपण गप्पा मारतो ती टपरी आपली नाही. २०१४ पासून व्हॉट्सॲपही फेसबुकवाल्याच कंपनीचं. गल्ल्यावर तो बसलाय. आपण तिथं गिऱ्हाईक आहोत आणि मालही आहोत. उद्या फोन हरवला, नंबर बंद झाला, की आठ माणसांचं चार वर्षांचं बोलणं गेलं. म्हणून म्हणतो, कामाचं असेल ते वहीत उतरवा.

कामाचं म्हणजे काय, ते आमच्या टोळीतल्या एका दोस्तावरून सांगतो. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला पत्र्याची कॉइल सरकली आणि त्याचा पाय खाली गेला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, हा त्या रात्री कामावरच नव्हता. हजेरीच्या वहीत नाव नाही. मुकादमानं तोंडात गुळणी धरली. आमच्याकडं पुरावा काय? काही नाही. मग एकाला ग्रुप आठवला. मागं जाऊन बघितलं. त्या रात्री आठच्या सुमाराला आमच्या दोस्तानं लिहिलं होतं, "गेटातून आत आलो. आज कॉइल आहे, सकाळपर्यंत सुटका नाय." खाली जहाजाचं नाव. अकराला लिहिलं होतं, "पाऊस लई. हातमोजे फाटले, मागितले तर मुकादम शिवी देतो." आणि वर कुणीतरी मॅचचा स्कोअर विचारला होता.

साधं रडगाणं. रोजचंच. पण त्यात वेळ होती, जागा होती, जहाज होतं, कामाचा प्रकार होता. आम्ही ते सगळं छापून काढलं, त्या रात्रीच्या दोघा कामगारांची सही घेतली आणि युनियनच्या वकिलाच्या हातात दिलं. भरपाईचा निकाल अजून लागायचा आहे, दोस्त अजून कुबडीवर आहे. पण 'तो नव्हताच' हे वाक्य ठेकेदारानं गिळलं. हजेरीच्या वहीनं ज्याला पुसलं त्याला आठ दोस्तांच्या गप्पांनी पुन्हा हजर केलं.

तर मला सांगायचंय ते एवढंच. आपल्या गप्पा ही आपली साक्ष आहे. साक्षीदारासारखं बोलायला शिका. काही गोष्टी पाळा.

बातमी आली की तीन सवाल करा. कुठं? कधी? कुणी डोळ्यांनी पाहिलं? उत्तर नसेल तर बोट थांबवा. बातमी आपल्या बाजूची वाटली तर दुप्पट तपासा, कारण खोटं सापडलं की आपलं खरंही बुडतं.

दुसरं, सकाळ-संध्याकाळ नुसते फोटो आणि हार टाकू नका. बाबासाहेबांचा फोटो तुमच्या भिंतीवर आहे, तो मला आठ वेळा पाठवायची गरज नाही. तुमची आजची मजुरी किती, किती कापली, किती तास राबलात, ते टाका.

तिसरं. आपल्या ग्रुपात बहिणी किती आहेत? बोला की! आमच्यात एकही नाही, हे मी सांगतो. घरात मोबाईल एक असला तर तो भावाच्या खिशात. पाणी भरणारी ती, रेशनच्या लायनीत ती, घरकामाला जाऊन तिथलं वेगळं कप हाताळणारी ती. म्हणजे अर्धी बातमी आपल्यापर्यंत येतच नाही. आपणही कुणाचा तरी 'केसरी' होऊन बसलोय आणि त्याची लाज वाटली पाहिजे.

आणि शेवटचं, मेलेल्याचं नाव लिहा. गटारात गेला, पायाडावरून पडला, रूळ ओलांडताना गेला, जसा गेला तसा. नाव, वय, वस्ती, तारीख. पेपर छापो न छापो. १९४४ साली ते कुणी लिहिलं नाही.

आज घरी गेल्यावर ग्रुप उघडाल, तेव्हा माझ्या भाषणाची तारीफ टाकू नका. आपली हजेरी टाका. कामाची जागा, आत गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ. मग खुशाल मॅचच्या गप्पा मारा.

जय भीम.