शिवारफेरीचा म्होरक्या
(पेण व रोहा तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्याच्या आधीपासूनच आपल्या शिवारात बाहेरची माणसे येत आहेत. कृषी पदवीचे विद्यार्थी, शेजारच्या तालुक्यातले शेतकरी, आणि आता शहरातली कुटुंबे. त्यांना पीक कसे दाखवावे हे आपणास सांगायला नको. पण दहा-पंधरा माणसे फिरवून सुखरूप परत आणणे ही वेगळी विद्या आहे व ती शिकावी लागते. वाट आपल्या पायाखालची असते, म्हणून पाहुण्यालाही ती कळते असे आपण धरून चालतो. घात होतो तो येथेच.

पेणचा खारपट्टा घ्या. खारबांधावरून उघाडी दाखवायला नेताना भरतीची वेळ आधी काढावी. खाडीकाठच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तेव्हा विशेष जपावे. बांधाबाहेर कांदळवनाकडे जायचे तर पाणी उतरत असताना जावे आणि ते फिरण्याआधी बांधावर यावे. खांड पडलेल्या बांधावर गट मुळीच नेऊ नये. माती वरून सुकलेली दिसते, पण आतून पोखरलेली असते.

रोह्याकडे पाण्याची तऱ्हा निराळी. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत येते. वीजगृह १९२७ सालापासूनचे आहे. पाणी सुटले की आकाशात ढग नसतानाही कोलाडकडे नदी चढते. म्हणून पाऊस नाही एवढ्यावरून कोणाला नदीपात्रात उतरवू नये. कोलाडची राफ्टिंगवाली मुले याच पाण्यावर धंदा करतात, पण निघण्यापूर्वी प्रत्येकाला जॅकेट घालतात व खुणा समजावून सांगतात. आपल्या फेरीआधी अशी पाच मिनिटे का नसावीत?

म्होरकेपण सरपंचांना किंवा मोठ्या आवाजाच्या माणसाला देण्याची रीत मला पटत नाही. पाहुणे फोटोसाठी हट्ट धरतात, तेव्हा 'आता मागे फिरायचे' असे ज्याला किंवा जिला सांगता येते, त्यांनी पुढे व्हावे. गटाच्या शेवटी दुसरा जाणता माणूस हवा. नव्याने शिकणाऱ्याने आधी चार-सहा फेऱ्या शेवटीच चालावे. कोण दमतो, कोण मागे रेंगाळतो, हे तेथूनच दिसते. प्रत्येक ओढ्यापाशी माणसे मोजावीत व सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालावे.

पायाला जखम असलेल्यास लावणीच्या चिखलात उतरवू नये, लेप्टोची भीती असते. विजा चमकू लागल्या की एकट्या झाडाखाली न थांबता सर्वांना पक्क्या घरात आणावे. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरची लस आहे की नाही, हे फेरीच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.